रक्तातले राखणदार

आमच्या घरात 'पेशी' हा शब्द २०१४ च्या पावसाळ्यात आला. त्या वर्षी भाईजानच्या मुलाला डेंग्यू झाला. रोज सकाळी रक्त द्यायचं, संध्याकाळी रिपोर्ट आणायचा आणि सगळ्या घराने एकच आकडा विचारायचा, "पेशी किती?" लाखावरून ऐंशी हजार, ऐंशीवरून बेचाळीस, बेचाळीसवरून अठ्ठावीस. अम्मी मुसल्ल्यावरून उठायला तयार नव्हती. शेजारच्या काकींनी पपईच्या पानांचा रस आणून दिला, तो पोराच्या गळ्याखाली उतरेना. पाचव्या दिवशी आकडा आपसूक चढू लागला आणि अम्मीने गल्लीत शिरखुर्मा वाटला. त्या आठ दिवसांत आम्ही भावंडं एक गोष्ट शिकलो. पेशी कमी म्हणजे मरण जवळ, पेशी जास्त म्हणजे जान सलामत.

शिकवण अर्धीच होती. उरलेली अर्धी शिकण्याची किंमत आम्हाला दोन वर्षांनी मोजावी लागली.

२०१६ चा रमजान जूनमध्ये आला. चौदा तासांहून लांब रोजे. अम्मी एकसष्ट वर्षांची. आम्ही म्हणायचो, या साली नको धरूस. ती हसायची. "भूकच नै लगती मेरेकू. रोजे हलके जा रहे." इफ्तारला एक खजूर, घोटभर पाणी आणि अर्धं केळं खाल्लं की तिचं पोट भरायचं. आम्ही दस्तरखानावर बसून भजी हाणत म्हणायचो, अम्मीचं नशीब बघा, अल्लाहने सबर दिलाय. साडीच्या निऱ्या पोटावर घट्ट होत होत्या. ते आम्हाला दिसत होतं, पण वय झालं की पोट सुटतंच, असा आमचा समज. एका रात्री तिने आमच्यातल्या धाकटीला सांगितलं, पोटात जड जड वाटतं. लगेच पुढे म्हणाली, "किसीकू नक्को बोल." धाकटीने शब्द पाळला. ईदनंतर तालुक्याच्या एका डॉक्टरांकडे नेलं तेव्हा बाहेर बाकावर आम्ही दोन मुलगे बसलेले. मुलांच्या देखत आणि परपुरुषापुढे अम्मी काय सांगणार? "गॅस होता," एवढंच म्हणाली. गॅसच्या गोळ्या मिळाल्या.

ऑगस्टमध्ये तिचा डावा पाय सुजला. पोटरी दगडासारखी टणक. तिला मिरजेला नेलं. आमच्या भागात मोठं दुखणं म्हणजे मिरज. पूर्वी बैलगाडीतून नेत, आता वडापने. पायाच्या शिरेत रक्ताची गाठ निघाली. रक्त पातळ करायची इंजेक्शनं सुरू झाली. त्याच दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन जरा कमी आणि पेशी सहा लाख दहा हजार. भाईजानने लॅबच्या दारातूनच घरी फोन लावला. "फिकीर करू नका. अम्मीच्या पेशी चिक्कार आहेत."

तो फोन आम्ही अजून विसरलेलो नाही. घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला होता. दीड महिन्याने पोटात पाणी भरलं, सोनोग्राफी झाली, सीटी झाला आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावून दार लावून घेतलं. अंडाशयाचा कर्करोग. तिसरी पायरी.

अब्बा उर्दू शाळेत मास्तर होते. त्यांच्या तोंडून 'कॅन्सर' हा शब्द कधी निघाला नाही. ते 'सरतान' म्हणत. सरतान म्हणजे खेकडा. आपल्या मराठीतला 'कर्क' तोच. जुन्या युनानी हकिमांना गाठीभोवती फुगलेल्या शिरा खेकड्याच्या नांग्यांसारख्या दिसल्या आणि ते नाव अरबीत, फारसीत आणि पुढे मराठीतही त्याच अर्थाने राहिलं. अब्बा म्हणाले, "सगळ्या जबानींनी त्याला एकच नाव दिलंय. नांगी सोडत नाही तो."

अम्मीचं ऑपरेशन झालं, केमोथेरपी सुरू झाली. आमच्यातली धाकटी शाळेत विज्ञान शिकवते. तिला एक प्रश्न झोपू देत नव्हता. पायात गाठ आधी आली, कॅन्सर नंतर सापडला. पेशी सहा लाख होत्या. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का? तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, पुस्तकं आणली, वाचलं आणि रात्री जेवणानंतर आम्हाला सांगू लागली. पुढे लिहितो आहोत ते आम्ही असं तिच्याकडून, तुकड्यातुकड्याने शिकलेलं आहे.

गावाकडे ज्यांना आपण नुसतं 'पेशी' म्हणतो त्या खऱ्या तर प्लेटलेट. शाळेच्या पुस्तकात त्यांना रक्तपट्टिका म्हणतात. पूर्ण पेशीसुद्धा नव्हेत त्या. हाडांच्या मगजात मोठमोठ्या पेशी असतात, त्यांचे हे तुटून पडलेले कपचे. त्यांना केंद्रक नसतं. आयुष्य आठ-दहा दिवसांचं. रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्ये त्या दीड लाखापासून साडेचार लाखांपर्यंत असतात आणि शरीर रोज सुमारे शंभर अब्ज नव्या घडवतं. इटलीतल्या बिझोझेरो यांनी १८८२ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवून दिली. काम एकच, राखणदारी. कुठे शीर फाटली की धावायचं, एकमेकींना चिकटायचं, भोक बुजवायचं. भाजी चिरताना बोट कापलं आणि दोन मिनिटांत रक्त थांबलं, तर तो यांचा उपकार.

कॅन्सर याच राखणदारांना कामाला लावतो.

ही कुणकुण डॉक्टरांना फार आधी लागली होती. पॅरिसचे डॉक्टर आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये सांगून ठेवलं की, कारण नसताना एखाद्याच्या शिरेत रक्ताच्या गाठी होऊ लागल्या तर आत कुठे कॅन्सर लपला आहे का ते शोधा. दोन वर्षांनी त्यांच्या स्वतःच्याच शिरेत अशी गाठ झाली. तिचा अर्थ त्यांनी ओळखला. त्याच वर्षी, १८६७ मध्ये, ते पोटाच्या कॅन्सरने गेले. धाकटीने हे सांगितलं तेव्हा भाईजान उठून अंगणात गेला. अम्मीचा सुजलेला पाय दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली गोष्ट सांगत होता आणि आम्ही त्याला शेक देत होतो.

कॅन्सरची मूळ गाठ बहुतेक वेळा माणसाला मारत नाही. मारतो तो तिचा पसारा. गाठीतून एखादी पेशी सुटते, रक्तात पडते, दुसऱ्या अवयवात जाऊन घर करते. अंडाशयाचा कॅन्सर जास्त करून पोटातल्या पाण्यातून पसरतो, पण रक्ताची वाटही त्याला बंद नसते. रक्तात पडलेली पेशी हृदयाच्या उजव्या बाजूला येते आणि तिथून फुप्फुसात. रक्ताचा हा रस्ता तेराव्या शतकात इब्न-उल-नफीस यांनी लिहून ठेवला होता. दमास्कसला शिकलेले, कैरोत हकिमी केलेले. त्यांचं नाव ऐकून अब्बांचा चेहरा क्षणभर उजळला.

पण हा प्रवास त्या पेशीला सोपा नसतो. प्रवाहाचा जोर तिला फाडतो. आपल्या पांढऱ्या पेशींमधल्या नैसर्गिक मारक पेशी तिला हुडकून ठार करतात. १९७० मध्ये उंदरांच्या रक्तात कॅन्सरच्या पेशी सोडून पाहिल्या, तर एका दिवसानंतर हजारात जेमतेम एक जिवंत सापडली. शरीर लढतं ते असं, आपल्याला न कळवता. मग ती एक वाचते कशी?

तिच्या अंगावर रक्त गोठवणारी द्रव्यं असतात. ती रक्तात पडली की प्लेटलेटना वाटतं, इथे जखम आहे. त्या इमानदारीने धावतात आणि काही मिनिटांत तिला चारी बाजूंनी चिकटतात. तिच्याभोवती बुरखा तयार होतो. प्रवाहाचा मार बुरख्यावर बसतो, तिच्यावर नाही. मारक पेशींना ती दिसेनाशी होते. १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी हे दाखवलं. २०१२ मध्ये तिथल्याच काहींना त्याहून चमत्कारिक गोष्ट दिसली. आपल्या जवळजवळ सगळ्या प्रकारच्या पेशींच्या अंगावर 'मी घरचीच' असं सांगणारं एक ओळखपत्र असतं. प्लेटलेट आपल्या अंगावरचं ते ओळखपत्र कॅन्सरच्या पेशीवर चिकटवतात. पहारेकरी ओळखपत्र बघतो आणि सोडून देतो.

एवढ्यावर थांबत नाही. प्लेटलेटच्या पोटात जखम भरून काढणारी रसायनं साठवलेली असतात. ती तिथे सांडतात. अमेरिकेत २०११ मध्ये दिसून आलं की, या रसायनांमुळे कॅन्सरची पेशी आपला आकार-स्वभाव बदलते, शेजारणींचा हात सोडते आणि सरपटू लागते. आणखी एक रसायन रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटी सैल करतं, हे २०१३ मध्ये कळलं. दार उघडतं, पेशी अवयवात शिरते. याचा पहिला मोठा पुरावा मात्र जुना आहे. १९६८ मध्ये गॅसिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या प्लेटलेट कमी केल्या, तेव्हा त्यांच्या फुप्फुसात कॅन्सरचा पसाराही कमी झाला.

आणि आमचा सहा लाखांचा आकडा? त्याचं उत्तर २०१२ मध्येच छापलेलं होतं. अमेरिकेत अंडाशयाचा कॅन्सर झालेल्या ६१९ बायका तपासल्या, त्यांतल्या ३१ टक्के बायकांच्या प्लेटलेट वाढलेल्या होत्या. ही गाठ एक रसायन सोडते, त्याने यकृत जागं होतं, यकृत हाडांच्या मगजाला हुकूम देतं, आणखी राखणदार पाठवा. ते राखणदार जाऊन गाठीलाच पोसतात. ज्यांच्या प्लेटलेट जास्त, त्यांचं आयुष्य कमी भरलं. म्हणजे 'अम्मीच्या पेशी चिक्कार आहेत' या आमच्या खुशखबरीत तिच्या दुखण्याचीच बातमी होती.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर आम्हीच आणखी एक अर्धी शिकवण पसरवू. प्लेटलेट वाढल्या म्हणजे कॅन्सरच, असं नाही. जंतुसंसर्गाने वाढतात, अंगात लोह कमी असलं तरी वाढतात आणि आपल्या बायकांत लोहाची कमतरता घरोघर आहे. ब्रिटनमध्ये चाळिशीपुढच्या चाळीस हजार माणसांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. प्लेटलेट वाढलेल्यांपैकी वर्षभरात पुरुषांत ११.६ टक्के आणि बायकांत ६.२ टक्के जणांना कॅन्सर निघाला. म्हणजे बहुसंख्यांना नाहीच. पण शंभरांत सहा बायका ही काही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नव्हे. वाढलेला आकडा दिसला तर तो खुशीचा फोन करण्याचा विषय नाही, डॉक्टरांना 'का' म्हणून विचारण्याचा विषय आहे. आम्ही विचारलं नाही.

केमोच्या चौथ्या फेरीनंतर सगळं उलटं झालं. औषधाने हाडांचा मगज थकला. प्लेटलेट नऊ हजारांवर आल्या. अम्मीच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, हातापायांवर लाल ठिपके उठले. प्लेटलेट चढवाव्या लागतील, म्हणाले. त्या रात्री दवाखान्याच्या जिन्यात आम्ही भावंडं पहिल्यांदा भांडलो. धाकटी म्हणाली, "आपण दुश्मनाला रसद देतोय का?" भाईजान तिच्यावर ओरडला, "तुझी पुस्तकं घाल चुलीत!" शेवटी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्यांनी शांतपणे सांगितलं, "आज कॅन्सर तिला मारणार नाही. आज मेंदूत रक्तस्राव झाला तर तो मारेल. आजचं आज बघू." प्रश्न विचारल्याबद्दल त्या रागावल्या नाहीत. हे आम्ही मुद्दाम लिहितोय, कारण आपल्याकडे डॉक्टरला विचारणं म्हणजे बेअदबी, असं अनेकांना वाटतं.

आता देणारा माणूस हवा. प्लेटलेट बाटलीत भरून महिनाभर ठेवता येत नाहीत. नेहमीच्या खोलीच्या उष्णतेत, सतत हलवत ठेवून त्या पाचेक दिवस टिकतात. एकाच माणसाकडून घ्यायच्या तर त्याला तास-दीड तास यंत्राला जोडतात. यंत्र प्लेटलेट काढून घेतं आणि बाकीचं रक्त परत देतं. आमच्या तिघांपैकी एकाचाच गट जुळला आणि त्याच्या शिरा बारीक निघाल्या. जमातीत निरोप गेला. काहीजण आले. काहींनी आधी विचारलं, रक्त देणं जायज आहे का? अब्बा म्हणाले, "एक जीव वाचवणं म्हणजे सगळी इन्सानियत वाचवणं, हे वाज ऐकताना मान डोलावता ना? मग सुईला का भिता?"

रात्री साडेदहाला आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या गणेश मंडळाची चार पोरं मोटारसायकलींवरून आली. काकींच्या मुलाने त्यांना सांगितलं होतं. २००९ च्या गणेशोत्सवात मिरज-सांगलीत दंगल झाली, कर्फ्यू लागला, तेव्हा याच पोरांच्या थोरल्या भावांशी आमची बोलचाल बंद झाली होती. ती पुरती कधी सुरू झालीच नव्हती. त्यांतल्या एकाच्या शिरा जाड होत्या. तो खुर्चीत रेलून, हातातला रबरी चेंडू दाबत दीड तास पडून राहिला. पिवळट पाण्यासारखी ती पिशवी भरताना आम्ही बघत होतो. सकाळी अम्मीने विचारलं, "किसका था?" आम्ही नाव सांगितलं. ती म्हणाली, "उसकू बोल, घर आ जा. बिर्याणी बनाती मैं." चार महिन्यांनी तिने खरोखर बनवली. बोलचाल त्या दिवशी सुरू झाली.

दीड वर्ष बरं गेलं. २०१८ च्या अखेरीस तिला धाप लागू लागली. फुप्फुसात आणि यकृतात डाग दिसले. त्यांना डाग म्हणतात, पण आम्हाला आता माहीत होतं, ते कुणाच्या पहाऱ्यात तिथवर पोचले असतील. मार्च २०१९ मध्ये एका जुम्याच्या पहाटे अम्मी गेली. शेवटच्या आठवड्यात तिने धाकटीचा हात धरून म्हटलं, "तू बोली नै किसीकू. अच्छी बेटी." तिला ती शाबासकी वाटत होती. धाकटीला ते वाक्य अजून पचलेलं नाही.

चाळिसाव्यानंतर एका नातेवाइकाने विचारलं, मग रोज अॅस्पिरिनची गोळी खाल्ली तर? अॅस्पिरिन प्लेटलेटना शांत करतं, हे खरं आहे. २०१२ मध्ये ब्रिटनमधल्या जुन्या चाचण्या पुन्हा तपासल्या, तेव्हा अॅस्पिरिन घेणाऱ्यांत कॅन्सरचा पसारा कमी आढळला. २०२५ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी उंदरांत एक कारण दाखवलं. प्लेटलेट जे एक रसायन सोडतात त्याने आपल्या लढाऊ पेशी सुस्तावतात आणि अॅस्पिरिन ते रसायन बनू देत नाही. त्याच वर्षी स्वीडनहून बातमी आली की, मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये, एका विशिष्ट जनुकात बदल असलेल्या रुग्णांना ऑपरेशननंतर रोज १६० मिलिग्रॅम अॅस्पिरिन दिलं, तर तीन वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण सुमारे निम्म्यावर आलं. पण स्तनाच्या कॅन्सरवरच्या २०२४ च्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. निरोगी म्हाताऱ्या माणसांना अॅस्पिरिन दिलेल्या २०१८ च्या चाचणीत तर कॅन्सरने होणारे मृत्यू थोडे जास्तच निघाले. म्हणजे कुणाला, कधी, किती, हे ठरवणं डॉक्टरांचं काम. ब्रिटन आणि आयर्लंडबरोबर मुंबईच्या टाटा रुग्णालयानेही याच प्रश्नावरच्या एका मोठ्या चाचणीत भाग घेतला. ती २०१५ मध्ये सुरू झाली. आपल्या मुलुखातल्या बायका-पुरुषांनी त्यात आपलं शरीर दिलं, ही छोटी गोष्ट नाही. पण मेडिकलमधून पाकीट आणून स्वतःच सुरू करू नका. पोटात रक्तस्राव झाला तर तेच राखणदार हवे असतात.

आम्ही पुष्कळ दिवस प्लेटलेटवर राग धरला होता. आता तो उरलेला नाही. त्यांनी आपलं काम केलं. जखम समजून धावल्या, जिला झाकायला नको होतं तिला झाकून बसल्या. आम्ही तरी काय वेगळं केलं? अम्मीची लाज राखली, तिचा शब्द राखला, घरातली गोष्ट घरात राखली. त्या राखणीच्या आडोशाने आत जे वाढत होतं ते वाढत गेलं.

आता दर रमजानमध्ये धाकटी गल्लीतल्या बायकांना एक दिवस दुपारी घरी बोलावते. काकीही येतात. ती फार काही सांगत नाही. पोट लवकर भरतंय, फुगतंय, दोन-तीन आठवडे झाले तरी जात नाहीय, तर बाईडॉक्टर शोधा, पण दाखवा. पाय अचानक सुजला तर विचारा, का. रिपोर्टमधला आकडा कमी असो की जास्त, विचारा, का. गेल्या वर्षी मागे बसलेली एक वयस्कर बाई सगळ्या उठून गेल्यावरही बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "किसीकू नक्को बोल..."

धाकटीने तिचा हात धरला आणि म्हणाली, "बोलनाच पडता, खाला. चलो, मैं आती साथ में."